जिकडे विजय, तिकडे उदो उदो

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या शहरांत टोप्यांचे रंग बदलू लागतात. हा बेसबॉलच्या मोसमाचा शेवट. एप्रिलपासून एकही सामना न पाहिलेली माणसं अचानक कोऱ्या करकरीत टोप्या घालून ऑफिसात येतात आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या पिचरच्या दुखऱ्या खांद्यावर मतं देतात. संघ हरला की टोपी कपाटात जाते, ती पुन्हा कुणी जिंकेपर्यंत. अशा चाहत्याला तिकडे ‘बँडवॅगन फॅन’ म्हणतात. ‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’ ही आपली म्हण त्याच्यासाठीच केल्यासारखी आहे. दुसऱ्या टोकाला असतो तो गावच्या संघाचा निष्ठावंत. त्याने संघ निवडलेला नसतो. जन्म ज्या शहरात झाला, तिथला संघ पदरी पडला आणि पवित्र झाला, एवढंच.

या दोघांचं नातं म्हणजे कायमचं भांडण. निष्ठावंताच्या लेखी नवा चाहता लबाड असतो, कारण त्याने दुःखाची वर्गणी न भरताच आनंदाच्या पंगतीत पान मांडलेलं असतं. ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण चाहता घडतो कसा आणि त्याच्या निष्ठेवर पैसा कोण कमावतो हे पाहू लागलं, की या भांडणातला चोर वेगळाच निघतो.

आधी खेळाचं गणित. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, त्यांतले २९ अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, निम्मे घरच्या मैदानावर आणि निम्मे बाहेर. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज सामना. एवढ्या सामन्यांत हरण्यापासून कुणाचीच सुटका नसते. २००१ साली सिॲटलच्या मरिनर्सनी ११६ सामने जिंकून विक्रमाशी बरोबरी केली, तरी ते ४६ हरले आणि वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलेच नाहीत. उलट २०२४ मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी १२१ सामने गमावून आधुनिक काळातला पराभवांचा उच्चांक केला, पण त्यांच्याही खात्यात ४१ विजय जमा झालेच. ज्याला हा खेळ मनापासून पाहायचा आहे, त्याला पराभव रोजच्या जेवणातल्या भाजीसारखा चालवून घ्यावा लागतो. संध्याकाळी रेडिओवर समालोचन लागतं, संघ हरतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज, तीच नावं. गावच्या संघाचा लळा लागतो तो या सवयीतून. फक्त ऑक्टोबरात उगवणारा माणूस निष्ठावंताच्या डोळ्यांत खुपतो, तेही त्यामुळेच.

पण जिंकणाऱ्याच्या बाजूला सरकणं हा कुणा एकाचा दुर्गुण नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मोठा गमतीशीर आहे. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने शनिवारी होतात. संशोधकांनी सात मोठ्या विद्यापीठांत सोमवारी वर्गांत जाऊन विद्यार्थ्यांच्या अंगावरचे कपडे पाहिले. शनिवारी संघ जिंकलेला असला, की विद्यापीठाचं नाव किंवा बोधचिन्ह मिरवणारे कपडे जास्त दिसत. पुढच्या टप्प्यात विद्यार्थ्यांना फोन करून विद्यापीठातल्या जीवनाविषयी थोडे प्रश्न विचारले. खरी उत्तरं काहीही असोत, काहींना सांगितलं की तुम्ही छान केलंत, काहींना सांगितलं की तुमचं काही जमलं नाही. मग संघाच्या एखाद्या सामन्याबद्दल विचारलं. विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’, हा फरक सर्वांत ठळक दिसला तो ‘जमलं नाही’ असं ऐकलेल्या विद्यार्थ्यांत. स्वतःची पत घसरल्यासारखी वाटली, की माणूस दुसऱ्याच्या यशाची ऊब घ्यायला जातो, त्यात स्वतःचं बोटभरही कर्तृत्व नसलं तरी.

या वृत्तीची दुसरी बाजू म्हणजे हरणाऱ्यापासून चार हात दूर होणं. डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी १९९० साली निष्ठावंत आणि हवेसरशी बदलणाऱ्या चाहत्यांची तुलना केली. संघाशी वरवर जोडलेला चाहता पराभवानंतर सहज अंग काढून घेतो. ज्याची स्वतःची ओळखच संघात गुंतलेली आहे, त्याला ते साधत नाही. म्हणजे निष्ठावंताचं मन अधिक थोर असतं, असा याचा अर्थ नाही. त्याला बाहेर पडायला दारच उरलेलं नसतं.

मग हा माणूस आत शिरतो कधी? अर्थतज्ज्ञ सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फेसबुकवरच्या माहितीच्या आधारे याचं उत्तर शोधलं. कोणत्या वयाचे लोक कोणत्या संघाला पसंती देतात हे त्यांनी ताडून पाहिलं. पुरुषांच्या बाबतीत सर्वांत मोलाचं वय निघालं आठच्या आसपासचं. न्यूयॉर्क मेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली ती दोनदाच, १९६९ आणि १९८६ मध्ये. त्या दोन्ही वेळी साधारण आठ वर्षांची असलेली पोरं मोठेपणी मेट्सच्या चाहत्यांत नेहमीपेक्षा जास्त संख्येने सापडली. यातली खोच लक्षात घ्यायला हवी. आपली निष्ठा रक्तातून आली, असं छातीठोक सांगणारा पन्नाशीचा गृहस्थ पुष्कळदा आठव्या वर्षी जिंकणाऱ्यांच्या गाडीत चढलेला आणि मग उतरायला विसरलेला प्रवासी असतो.

आणि ही गाडी कधी कधी अख्ख्या समाजाला घेऊन येते. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचं स्टेडियम १९६२ साली शावेझ रवीन या टेकड्यांच्या भागात उभं राहिलं. तिथे पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. सरकारी घरकुलांच्या योजनेसाठी म्हणून ती उठवायला सुरुवात झाली, योजना बारगळली, आणि उरलेल्या शेवटच्या कुटुंबांना १९५९ मध्ये पोलिसांनी घरांतून ओढून बाहेर काढलं. जागा बेसबॉलला मिळाली. त्या समाजाने या संघाकडे वळूनही पाहू नये, अशीच ही गोष्ट.

मग १९८१ उजाडलं. मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, आयत्या वेळी, डॉजर्सकडून पिचिंगला उभा राहिला. अंगाने गुटगुटीत, इंग्रजी जेमतेम, आणि चेंडू सोडण्याआधी क्षणभर डोळे आभाळाकडे. त्याच्या डाव्या हातातून सुटणारा ‘स्क्रूबॉल’ नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेला वळायचा, आणि फलंदाजाची बॅट हवेतच फिरायची. पहिले आठही सामने त्याने जिंकले, त्यांतल्या पाचांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव मिळाली नाही. त्याच वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान हे दोन्ही मिळवणारा तो पहिलाच. डॉजर्सनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्याचा सामना असला की स्टेडियम ओसंडून वाहायचं, आणि घराघरांत हाइमे हारीन यांचं स्पॅनिश समालोचन ऐकू यायचं. कडक व्याख्या लावली, तर त्या उन्हाळ्यात आलेली ही सगळी माणसं बँडवॅगनवालीच. आज त्यांची नातवंडं डॉजर्सची पिढीजात निष्ठावंत म्हणून ओळखली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्ल्ड सिरीज सुरू व्हायला तीन दिवस असताना व्हॅलेन्झुएला गेला, तेव्हा शोक करणाऱ्यांत तिन्ही पिढ्या होत्या. शिकागोला किंवा बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही गत वेगळी नाही. त्यांना आजोबांचा संघ नसतोच. पोरगं शाळेतून जी टोपी घालून येईल, तिथून त्या घराची निष्ठा सुरू होते.

तेव्हा उशिरा येणं हा गुन्हा नाही, हे मान्य केलं, तरी संकटात सोडून जाण्याचा आरोप उरतोच. त्याचा निकाल लावायला शिकागोइतकं चांगलं कोर्ट नाही.

शिकागोत दोन संघ आहेत, उत्तरेला कब्स आणि दक्षिणेला व्हाइट सॉक्स. कब्सनी १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि पुढची जिंकायला त्यांना १०८ वर्षं लागली. मधल्या काळात १९४५ नंतर ते वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचलेसुद्धा नाहीत. या दुष्काळाचं खापर एका बोकडावर फोडलं गेलं. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी एका खानावळवाल्याच्या पाळीव बोकडाला मैदानात बसू दिलं नाही, म्हणून त्याने शाप दिला, अशी ती कथा. पण मॉस्कोविट्झ आणि वर्थाइम या लेखकद्वयाने २०११ मध्ये ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात आकडे मांडून वेगळाच शाप दाखवून दिला. इतर संघांच्या मैदानावरची गर्दी जिंकण्या-हरण्याबरोबर वरखाली होते. कब्सच्या गर्दीवर निकालाचा परिणाम सर्वांत कमी होतो, त्याहून कितीतरी जास्त परिणाम स्टेडियमातल्या बिअरच्या किमतीचा होतो!

याचं कारण त्यांच्या मैदानात आहे. रिगली फील्ड १९१४ सालचं. बाहेरच्या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेले वेल अजून हिरवेगार असतात, धावफलकावरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. सामना संपला की धावफलकावर झेंडा चढतो, जिंकले तर पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’ आणि हरले तर निळ्यावर पांढरा ‘एल’. शेजारून जाणाऱ्या उन्नत रेल्वेतल्या माणसाला खिडकीतूनच निकाल कळतो. बाकी सगळ्या संघांनी १९४८ पर्यंत रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे बसवले. इथे ते लागले १९८८ मध्ये. च्युइंगगमवाल्या रिगली घराण्याने संघापेक्षा हे ऊन, हा वेल आणि ही दुपारच विकली, आणि ती विकली गेली. २०१२ मध्ये कब्सनी १०१ सामने गमावले, तरी त्या मोसमात २८ लाखांहून जास्त तिकिटं खपली, सामन्यामागे सरासरी ३५ हजारांहून अधिक. गिऱ्हाईक हलणारच नाही, अशी खात्री असलेला दुकानदार मालाचा दर्जा कशाला सुधारेल?

दक्षिणेकडचं गिऱ्हाईक मात्र चोखंदळ. व्हाइट सॉक्सच्या मैदानावर २००४ मध्ये १९ लाख लोक आले. २००५ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि २००६ मध्ये हा आकडा साडेएकोणतीस लाखांवर गेला. पुढे कामगिरी घसरली तशा खुर्च्या रिकाम्या झाल्या. व्हाइट सॉक्सचा ८८ वर्षांचा दुष्काळ कब्सच्या आधी ११ वर्षं संपला, तो केवळ या चोखंदळपणामुळे, असं म्हणता येणार नाही. पण रिकाम्या खुर्चीचा धाक असणं आणि नसणं यांत फरक आहे, एवढं नक्की. हा धाक बेसबॉलमध्ये अधिकच लागतो, कारण इथे इंग्लिश फुटबॉलसारखी तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धत नाही. शेवटून पहिला आलेला मालक पुढच्या वर्षीही मालकच असतो आणि लीगच्या एकत्रित कमाईतला वाटाही त्याला मिळतो.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या छोट्याशा पुस्तकात हेच कोडं मांडलं होतं. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आत राहून आवाज उठवणं. निष्ठा माणसाला सोडून जाण्यापासून थोपवते आणि म्हणून आवाजाला संधी देते. पण हा कधीच जाणार नाही असं ठरून गेलं, की त्याच्या आवाजाला कुणी धूप घालत नाही. बेसबॉलच्या भाषेत सांगायचं, तर हंगामी चाहता पाय काढून घेतो, तेव्हा निष्ठावंताच्या तक्रारीला वजन येतं. ज्याला तो दिवसरात्र नावं ठेवतो, तोच त्याचा न बोलावलेला वकील असतो.

अर्थात हा धाक चालतो तो मालक जागचा हलणार नसेल तरच. बेसबॉलमध्ये मालक हलतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाने हे सर्वांत आधी अनुभवलं असं नाही, पण सर्वांत जास्त मनाला लावून घेतलं. तिथले डॉजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून पुन्हा पुन्हा हरले, १९५५ मध्ये एकदाचे जिंकले, आणि दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिनमध्ये त्यांना नव्या स्टेडियमसाठी हवी ती जागा मिळाली नव्हती, लॉस एंजेलिस द्यायला तयार होतं. शावेझ रवीनची जागा ती हीच. सप्टेंबर १९५७ मधल्या ब्रुकलिनच्या अखेरच्या घरच्या सामन्याला ७ हजारसुद्धा माणसं नव्हती, आणि १९६० मध्ये ते मैदानच पाडलं गेलं.

ओकलंडची गोष्ट तर ताजी आहे. तिथल्या ॲथलेटिक्स, म्हणजे ‘एज’ संघाने १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षं आणि पुन्हा १९८९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. कमी पैशांत संघ बांधण्याची त्यांची ‘मनीबॉल’ पद्धत पुस्तक आणि सिनेमामुळे आपल्याकडेही पोहोचली. २०२१ च्या मोसमानंतर संघाने आपले चांगले खेळाडू विकायला काढले. २०२२ मध्ये १०२ सामने गमावले, २०२३ मध्ये ११२. लोकांनी येणं थांबवलं. मग लोक येत नाहीत हेच कारण पुढे करून संघ लास व्हेगसला नेण्याची तयारी सुरू झाली. दुकानातला माल आधी काढून घ्यायचा आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणून ओरडायचं, असा हा प्रकार.

त्यावर चाहत्यांनी उलटा बहिष्कार टाकला. १३ जून २०२३ ला, एका साध्या मंगळवारी, स्टेडियम भरून दाखवायचं ठरलं. पार्किंगमध्ये ‘सेल’ एवढंच छापलेले हिरवे टी-शर्ट फुकट वाटले गेले. मालक जॉन फिशर यांना उद्देशून तो एकच शब्द होता, विका! २७ हजार ७५९ लोक आले. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिल्या फलंदाजाची खेळी संपेपर्यंत सगळं मैदान ठरवून चिडीचूप बसलं, आणि मग ‘संघ विका’ या घोषणेने दणाणून गेलं. त्या रात्री एज जिंकलेसुद्धा. पण त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने लास व्हेगसमधल्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाला मंजुरी दिली. दोन दिवसांनी बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी, एका रात्रीपुरती का होईना, सरासरी गर्दी जमली हे छान झालं, अशा अर्थाचा टोमणा मारला. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला अखेरचा सामना झाला, तेव्हा ४६ हजार ८८९ लोक हजर होते. आता संघ सॅक्रामेंटोजवळच्या लहानशा मैदानावर खेळत लास व्हेगसची वाट पाहतो आहे.

आपल्याकडे क्रिकेटच्या आयपीएलमध्ये पुण्याने हा अनुभव दोनदा घेतला. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आले आणि २०१३ नंतर गेले. मग रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरले, आणि मुळात दोनच वर्षांची सोय असल्याने पुढच्या वर्षी तेही उरले नाहीत. २०१८ मध्ये चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला आले, तेव्हा त्यांचे पिवळे चाहते खास रेल्वेने पुण्यात उतरले. पुणेकर कुणा ना कुणा परक्या संघाचे चाहते झाले, यात लबाडी कसली? निष्ठा रुजायला जो काळ लागतो, तोच त्यांना मिळाला नाही.

संघाची मालकीच गावाकडे का नसावी, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे, आणि एवढंसं गाव असूनही तो कुठे गेलेला नाही. बेसबॉलमध्ये हे करून पाहायला एक मालकीण निघाली होती. मॅकडॉनल्ड्सचे रे क्रॉक वारल्यावर सॅन डिएगो पॅड्रेज हा संघ त्यांच्या पत्नी जोन क्रॉक यांच्याकडे आला. तो शहराला फुकट देऊन टाकण्याची त्यांची इच्छा होती. इतर मालकांनी ते होऊ दिलं नाही, आणि १९९० मध्ये त्यांनी संघ विकला. मालकांच्या या मंडळाला १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली, ती बव्हंशी आजही कायम आहे. संघ ३० च्या ३० ठेवायचे आणि शहरं मात्र रांगेत उभी करायची, हा त्यांच्या धंद्याचा गाभा.

तेव्हा ऑक्टोबरात नवी टोपी घालून आलेल्याला उंबऱ्यावरून हाकलण्यात निष्ठावंताचा काही फायदा नाही. बॉस्टनमध्ये २००४ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतर नव्याने आलेल्यांना ‘पिंक हॅट्स’ म्हणून हिणवलं गेलं, आणि गुलाबी टोपीचा रोख बहुतेक वेळा बायकांवरच होता. त्या हिणवण्याने तिकिटाचा दर एक पैशाने उतरला नाही. ओकलंडच्या लोकांनी अधिक शहाणपणा दाखवला. एज निघून जात असतानाच २०२४ मध्ये शहरात ओकलंड बॉलर्स नावाचा संघ उभा राहिला, मेजर लीगच्या बाहेरच्या छोट्या लीगमध्ये खेळणारा. त्याने चाहत्यांना भागभांडवल विकायला काढलं आणि दोन हजारांहून जास्त लोकांनी ते घेतलं. २०२५ मध्ये या संघाने आपल्या लीगचं अजिंक्यपदही मिळवलं. या लोकांनी टोपी बदलली हे खरंच. पण त्यांची निष्ठा शहराशी होती, आणि मालकाने शहर सोडल्यावर ती त्याच्यामागे लास व्हेगसला जाण्याचं काही कारण नव्हतं.